खळ्याच्या कडेची झाडं

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या जुन्या घरांसमोर झाड नसे. झाडं कडेला असत, मागच्या परसात असत, बांधावर असत. दारापुढचा चौक मात्र उन्हाला उघडा. आता नवं घर बांधणारी तरुण मंडळी मला विचारतात, "काका, पुढच्या अंगणात दुपारी उभं राहवत नाही, कोणतं झाड लावू?" मी कृषी सहाय्यक म्हणून याच दोन तालुक्यांत नोकरी केली. किन्हवली, डोळखांब, टोकावडे, धसई हा माझा फिरण्याचा मुलूख, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. झाडाचं नाव सांगण्याआधी मला त्यांना जुन्या अंगणाबद्दल सांगावंसं वाटतं. ते उघडं राहिलं ते आळसामुळे किंवा अज्ञानामुळे नव्हे. ते विचार करून उघडं ठेवलेलं होतं, आणि त्याच्या कडेला कोणतं झाड उभं राहील हे ठरवण्यात पावसापासून जंगलाच्या कायद्यापर्यंत आणि बाईच्या डोक्यावरच्या हंड्यापासून शेजारच्या शेळीपर्यंत अनेकांचा हात होता.

दिवाळी जवळ आली की अंगणाचं खळं होई. पावसाळ्यात माजलेलं गवत तासायचं, खड्डे मातीने भरायचे, पाणी शिंपडून जमीन चोपायची आणि शेणाने सारवायची. मग भाताचे भारे येत. झोडणी, मळणी, वारा देणं, सगळं इथेच. भातामागून नागली आणि वरई, मग उडीद, मग वाल. मार्चमध्ये मोहाची फुलं वाळत पडत, एप्रिलात कैरीच्या फोडी, पापड, कुरडया. मे उजाडला की पावसाळ्याच्या बेगमीची सुकट आणि सरपण. कार्तिकापासून ज्येष्ठ लागेपर्यंत अंगणाला ऊन हवंच असे. ज्या घराच्या खळ्यावर सावली रेंगाळे, त्या घरचं भात दमट राही आणि कणगीत कीड धरी. मुलीचं स्थळ पाहायला आलेले म्हातारे आधी खळं पाहत आणि मग घर, असं आमची आजी सांगायची. खळं कसं राखलंय यावरून घरातल्या माणसांच्या कष्टांचा अंदाज येत असे.

आमच्याकडचा सूर्यही या मांडणीला जोड देतो. शहापूर साधारण साडेएकोणीस उत्तर अक्षांशावर आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलून जातो, त्यामुळे दक्षिणेला मोठं झाड असलं तर त्याची लांब सावली नेमकी झोडणीच्या दिवसांत खळ्यावर येते. मेच्या मध्याला मात्र तो भर दुपारी थेट डोक्यावर असतो आणि माणसाची सावली पायाखाली जाते. तेव्हा दक्षिणेचं झाड असून नसून सारखंच. तापते ती पश्चिमेची भिंत, तिसऱ्या प्रहरापासून दिवेलागणीपर्यंत. मी पाहिलेल्या जुन्या घरांत सर्वांत मोठं झाड बहुधा पश्चिमेच्या कडेला असायचं. कुणी अक्षांश मोजले नव्हते. चार पिढ्या त्याच ओट्यावर बसल्या, ऊन कुठून येतं आणि कुठे लागतं ते बघत राहिल्या, आणि मुलाला सांगून गेल्या.

मग चैत्र-वैशाखात सावली कुठली? मांडवाची. शिमगा झाला की खळ्याच्या एका अंगाला मांडव उभा राही. बेळक्याच्या मेढी, वर आडवे बांबू, त्यावर पेंढा किंवा आंब्या-जांभळीचा पाला. त्याखाली माणसं दुपारची पडत, बाया निवडणं-टिपणं करत, पोरं खेळत, आणि घरात लग्न असलं तर तेही त्याच मांडवात लागे. मृग तोंडावर आला की मांडव उतरायचा. मेढी पुढच्या वर्षासाठी पडवीत जात, उरलेलं चुलीत जाई. नको तेव्हा ऊन अडवणार नाही आणि हवी तेव्हा सावली देईल असं झाड कोणत्याही रोपवाटिकेत मिळत नाही. आमच्या माणसांनी ते दरवर्षी मेढी रोवून उभं केलं. अंगणातल्या झाडांचा इतिहास लिहायचा तर त्यात या मांडवाला पहिलं पान द्यायला हवं असं मला मनापासून वाटतं. तो नसता तर खळ्यावर झाड आलं असतं, आणि झाड आलं असतं तर खळं गेलं असतं.

कडेला जी मोठी झाडं होती त्यांत पहिला मान रायवळ आंब्याचा. हा कलमी नव्हे. कोय जिथे रुजली तिथेच वाढलेला. त्याचं सोटमूळ मुरुमात शिरतं आणि खडकाच्या फटी शोधत खाली जातं. चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि मग आठ महिने थेंब नाही, अशी आमच्या तालुक्यांची तऱ्हा. एवढा पाऊस पडून पाणी टिकत नाही, कारण खाली सह्याद्रीचा काळा कातळ आणि वर वीतभर माती. आलेलं पाणी काळू, भातसा, शाई या नद्यांतून उतरून जातं. म्हणून इथे झाडाला दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात: श्रावणात मुळं कुजता कामा नयेत आणि वैशाखात पानं करपता कामा नयेत. रायवळ आंबा दोन्हींत पास होतो. फणस पहिलीत अडखळतो. पाणी साचलं की तो जातो, म्हणून तो उताराच्या बाजूला किंवा बांधाच्या खांद्यावरच दिसेल.

आंबा आणि फणस हे रयतेचं धन आहे ही जाण राज्यकर्त्यांनाही होती. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याचे नियम आहेत. सागासारखी झाडं परवानगीने तोडावीत, पण आंबा-फणसांना हात लावू नये, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा त्याचा आशय. तोडलेल्या झाडाची नुकसानी पैशाने भरत नाही हे इतक्या स्पष्टपणे सरकारी कागदात लिहिलेलं मला दुसरीकडे आढळलेलं नाही. पुढे या गोष्टीत जे कायदे येतात ते वाचताना मला हा कागद पुन्हा पुन्हा आठवतो.

ऐन मात्र अंगणात कधी आला नाही, आणि हे नीट समजून घेण्यासारखं आहे. दोन्ही तालुक्यांत ऐन पावलोपावली आहे, लाकूड टणक, जिवट इतका की कितीही छाटा, पुन्हा फुटतो. पण ऐन हे राबाचं झाड. भाताचं रोप तयार करायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, छाटलेल्या फांद्या, गवत आणि वर माती असे थर देऊन उन्हाळ्यात ते जाळायचे. त्या राखेत तण मरतं आणि रोप जोमाने येतं. याला राब म्हणतात आणि त्यासाठी तोडलेल्या फांद्यांना कवळ. कवळ यायचा तो खाचरांच्या वरच्या वरकस जमिनीतल्या झाडांवरून. ठाणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर १८८२ साली छापलं गेलं, त्यात राबाची ही पद्धत वर्णिलेली आहे. म्हणजे झाडांची वाटणी ठरलेली होती: कवळाचं झाड वरकसात, फळाचं आणि सावलीचं घराकडे.

ही वाटणी इंग्रजी अमलात ताणली गेली. १८६१ पर्यंत आगगाडी कसाऱ्याला पोचली होती आणि शहापूरच्या डोंगरातलं लाकूड मुंबईला नेणं सोपं झालं. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलाच्या हद्दी पडू लागल्या. कवळ तोडायला कुठे जायचं हा प्रश्न शेतकऱ्यापुढे उभा राहिला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतून एवढी ओरड झाली की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. शहरातला माणूस म्हणेल की यात अंगणाचा काय संबंध. संबंध असा की जंगल हद्दीपलीकडे गेलं तेव्हा रोज लागणाऱ्या गोष्टी हद्दीच्या आत आणाव्या लागल्या. औषधाचा पाला, दिव्याचं तेल, पत्रावळीचं पान, मेढीचं लाकूड हे मागायला कुणाकडे जायचं नसेल तर ते झाड घराच्या कडेला हवं. परसात आणि बांधावर करंज, पळस, भोकर, आवळा, कुडा, निरगुडी अशी गर्दी दिसते, तिच्यामागे ही गरजही आहे असं माझं मत आहे. करंजाच्या बियांचं तेल दिव्यालाही लागे आणि खरजेवरही. पळसाची पानं तर लग्नसराईत सोन्याच्या भावाची.

मोहाची कहाणी सर्वांत कडू आहे. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली या सगळ्यांच्या घरात मोह म्हणजे धान्याच्या बरोबरीचा. मार्च-एप्रिलात पहाटे फुलं टपटपतात, ती झाडाखालची जागा झाडून वेचायची, खळ्यावर वाळवायची. ज्या महिन्यांत कणगी तळाला गेलेली असते त्याच महिन्यांत हे गोड, पोटभरीचं फूल येतं. बियांपासून खाण्याचं तेल निघतं. जंगलातलं कोणतं झाड कोणत्या घराचं हे गावात ठरलेलं असे. पण फुलापासून दारू होते, आणि दारूवरचा कर सरकारला हवा होता. १८७८ चा अबकारी कायदा आला, आणि १८९२ मध्ये खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या मोहफुलांवर बंधन घालणारा कायदा झाला. घरात मोहाची फुलं किती आहेत हा सरकारच्या चौकशीचा विषय झाला. ज्या फुलावर आई मूल वाढवते ते फूल लपवायची पाळी यावी, यापरता अपमान नाही. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही मोहफूल अडकलेलंच राहिलं. महाराष्ट्र सरकारने फुलं गोळा करण्यावरची आणि साठवण्यावरची बंधनं सैल केली ती थेट २०२१ मध्ये. इतक्या वर्षांत मोह तोडले गेले नाहीत, हे आदिवासींचं देणं आहे. पण नवा मोह घराजवळ लावणारे कमी झाले. जुने मोह आहेत, त्यांची पिल्लं नाहीत.

१९६४ चा झाडतोडीचा कायदा आणि आदिवासी खातेदारांच्या झाडांच्या विक्रीबद्दलचा १९६९ चा कायदा, हे दोन्ही चांगल्या हेतूचे. दुसऱ्याची तर फार गरज होती. आदिवासीच्या मालकीची झाडं कवडीमोलाने उचलली जात होती, ते थांबवायचं होतं. पण साग, ऐन, मोह, तिवस, खैर, आंबा, फणस, जांभूळ, चिंच ही झाडं पहिल्या कायद्याच्या यादीत आली आणि तोडायची तर परवानगी घ्यावी लागू लागली. मी कामावर असताना पाहिलं आहे की अंगणाच्या कडेला आपोआप उगवलेलं सागाचं रोप म्हातारा हळूच उपटतो. मोठं झालं तर तोडताना कागद करावे लागतील, ही भीती. झाड वाचवणाऱ्या कायद्याच्या धाकाने रोपच मरतं, याचं मला फार वाईट वाटत आलं आहे. रोप लावणाऱ्याला त्याचा हक्क सोप्या कागदावर मिळाला असता तर आज घराघराच्या कडेला साग-तिवस दिसले असते.

आता पाण्याकडे येतो. माझ्या मते झाड निवडण्यात सर्वांत जास्त वजन पाण्याचं होतं. १८९२ साली तानसा धरणाचं पाणी मुंबईला जाऊ लागलं. १९५७ मध्ये वैतरणेवर मोडक सागर झाला, पुढे भातसा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. मुंबई ज्या पाण्यावर जगते त्यातलं मोठं पाणी शहापूर तालुक्यातून आणि त्याच्या शेजारून जातं. आणि याच तालुक्यात मार्चनंतर कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. विहीर आटली की बाया उतरून ओहोळातल्या झऱ्यावर जातात, वाटीवाटीने हंडा भरतात, चढून येतात. त्या हंड्यातलं पाणी झाडाला घालायचं की नाही हे हंडा आणणारी ठरवते. अंगणात काय जगेल याचा निवाडा या मुलखात कायम बाईने केला आहे, पण झाडांच्या कोणत्याही सरकारी कागदावर तिचं नाव मी पाहिलं नाही.

तिचा नियम सरळ होता. ताजं पाणी माणसाला आणि गुराला. मोरीचं पाणी केळीला, अळवाला, कर्दळीला. तुळशीला सकाळचा तांब्या. मोगऱ्याला भांडी विसळलेलं. बाकी सगळ्यांनी आपलं आपण बघायचं. म्हणून अंगणात पांढरा चाफा आला: फांदी तोडून, चीक सुकवून, पावसाच्या आधी खोचली की लागते, आणि चाफा उन्हाळ्यात पानं टाकून नुसत्या फांद्यांवर फुलतो. हा मूळचा अमेरिकेतला, सीताफळ आणि पेरूही तिकडचेच, पण शेकडो वर्षांत ते इतके आमचे झाले की देवळापुढे चाफा नसेल तर चुकल्यासारखं वाटतं. सीताफळ तर निव्वळ मुरुमावर, दगडांच्या ढिगातून उगवतं आणि फळ देतं.

दुसरा निवाडा शेळीचा. सुगी संपली की गुरं-शेळ्या मोकळ्या सुटतात आणि जे हिरवं दिसेल ते संपवतात. कुंपण घालायला काटे आणावे लागतात, तेही दर वर्षी कुजतात. त्यामुळे झुडुपांच्या बाबतीत एकच प्रश्न विचारला जाई: शेळी खाते का? कण्हेर खात नाही, विषारी आहे. निरगुडी खात नाही, वासाची आहे. शिवाय तिचा पाला दुखऱ्या गुडघ्याला शेकायला आणि धान्यात घालायला होतो. अडुळसा खात नाही, आणि खोकल्याला तोच लागतो. मोगली एरंडाच्या फांद्या ओळीने खोचल्या की कुंपण झालं. सीताफळीचा पाला शेळी सोडते. बहाव्यालाही ती फारशी तोंड लावत नाही. याउलट जास्वंद म्हणजे शेळीची मेजवानी. जिथे जास्वंद मोठी झालेली दिसेल तिथे शेळी नव्हती किंवा कुणीतरी पोटच्या पोरासारखी राखण केली होती, एवढं नक्की. करवंदाची जाळी बांधावर मुद्दाम ठेवत. काटा, बारमाही हिरवी, आणि मेमध्ये फळ. कसारा-खर्डीच्या स्टेशनांवर पानांच्या द्रोणातली करवंदं विकणाऱ्या आदिवासी बाया आठवा. त्या द्रोणात पळसही आहे आणि करवंदही, दोन्ही कुणी पाणी न घालता आलेली.

काही झाडं अंगणाला वर्ज्य. चिंचेवर भूत असतं, पिंपळ घर फोडतो, शेवगा दारात नको. लहानपणी मला या गोष्टींची भीती वाटे. नोकरीत आल्यावर त्यांचा आदर वाटू लागला. चिंचेखाली दाट सावली, खाली दुसरं काही नीट येत नाही, खळ्याला ती घातकच. पिंपळाचं आणि वडाचं मूळ कुडाच्या नाही तर दगडी जोत्याच्या सांध्यात शिरलं की भिंत गेली. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, आषाढातल्या वाऱ्यात फांदी कौलांवर पडते. म्हणून शेवगा परसात, वाऱ्याच्या आडोशाला. पाला, फुलं आणि शेंगा मात्र वर्षभर घरात. भुताची गोष्ट मुलाला पटकन समजते, मुळाची समजायला वेळ लागतो, म्हणून वडीलधाऱ्यांनी भुताची सांगितली असावी.

स्वातंत्र्यानंतर झाडं वरून येऊ लागली. कन्हैयालाल मुनशींनी १९५० मध्ये वनमहोत्सव सुरू केला. शाळांच्या आणि पंचायतींच्या आवारात गुलमोहर आला, मादागास्करहून मुंबईमार्गे. फुलला की डोळे निवतात हे खरं, पण त्याची मुळं उथळ आणि लाकूड कच्चं, मोठ्या वाऱ्यात तो आडवा होतो. १९८२ च्या सुमारास राज्यात सामाजिक वनीकरण सुरू झालं, त्यातून सुबाभूळ आणि निलगिरी आली. गिरिपुष्प आलं, ते हिरवळीच्या खताला उत्तमच. आणि १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली. ती माझी योजना, म्हणजे माझ्या उमेदीची वर्षं तिच्यात गेली. खड्डे, मस्टर, कलमांच्या पिशव्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून पाड्यावर उतरवलेले हापूस आणि केशर. वरकसात लावायची ती कलमं लोक हौसेने एक-दोन अंगणाच्या कडेलाही लावत.

टोकावड्याच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर एका म्हातारीने मला विचारलं, "कलम दिलास भाऊ, पन हंडा कोन आनील?" तिने ते रागाने विचारलं नव्हतं. तिला खरंच ठाऊक करून घ्यायचं होतं. त्यानंतर मी कुठेही गेलो की आधी पाणवठा किती लांब ते विचारत असे आणि मग कलमांचा आकडा लिहीत असे. त्या योजनेने मुरबाड-शहापुरात चांगल्या बागा उभ्या राहिल्या, हे मी अभिमानाने सांगतो. पण घराच्या कडेला लावलेल्या कलमांत जगली ती मोरीजवळची. जिथे मोरी नाही तिथे रायवळ कोय टाकावी आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तिच्यावरच कलम बांधावं, हे मी नंतर सगळ्यांना सांगत आलो. मूळ जागचं, फळ हवं ते.

या कामातला आणखी एक अनुभव सांगायलाच हवा. धरण, रस्ता, कारखाना, कशासाठीही जमीन घेताना झाडांचा पंचनामा होतो. बारवी धरणाच्या पाण्याची पातळी वाढली, महामार्ग रुंद झाला, समृद्धी महामार्ग शहापुरातून गेला. प्रत्येक वेळी माणसं हातात फूटपट्टी आणि रंगाचा डबा घेऊन अंगणात येतात आणि खोडावर आकडे घालतात. फळझाडाला वय आणि उत्पन्न बघून मोल मिळतं, इमारती झाडाला घेर मोजून. पांढरा चाफा, निरगुडी, अडुळसा, करवंदाची जाळी, कुडा यांचं मोल त्या कागदावर जवळजवळ नसतंच. घरची बाई चाफ्यापाशी उभी राहून म्हणते, "यालाबी लिवा." लिहायला रकाना नसतो. जी झाडं एका हंड्याशिवाय उभी राहिली, ज्यांनी औषध दिलं, कुंपण राखलं, देवाला फूल दिलं, त्यांची नोंद कुठेच झालेली नाही. हा लेख लिहायला बसलो त्याचं खरं कारण हेच आहे.

आता घरं बदलली. कारवीच्या कुडाची घरं गेली, विटा आणि कौलं आली, आणि आता स्लॅब. भात मळणी यंत्राने होतं, तेही शेतात किंवा रस्त्याच्या कडेला. खळं उरलं नाही. अंगणात पेव्हर ब्लॉक बसले, वर पत्र्याची शेड आली. पत्रा मांडवासारखा उतरवता येत नाही आणि पेंढ्यासारखा थंडही नसतो. म्हणून ती तरुण मंडळी विचारतात, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्यातच मुरबाड रस्त्याला आणि नाशिक महामार्गाला लागून शहरातल्या लोकांचे बंगले झाले आहेत. त्यांच्या फाटकाशी पामच्या रांगा आणि हिरवळ पाहून गावातली घरंही तेच मागतात. पामला सावली नाही. हिरवळीला रोज पाणी हवं, आणि ज्या पाड्यावर टँकर येतो त्याच पाड्याच्या शेजारी बोअरचं पाणी हिरवळीवर उडताना पाहिलं की माझं मन विटतं.

खळं गेलं तरी सूर्य तोच आहे, म्हणून जुनी मांडणी अजून लागू पडते. पश्चिमेला दाट झाड हवं आणि ते मे महिन्यात भरलेलं हवं. इथे करंज पहिला. थंडी सरताना पानं टाकतो आणि एप्रिलपर्यंत नव्या पालवीने गच्च होतो, गुरं त्याला त्रास देत नाहीत, श्रावणात पाय पाण्यात असले तरी चालतं. घरापासून पंधरा फूट सोडावे. जागा मोठी असेल तर रायवळ आंबा, पंचवीस फुटांवर. धीर असेल तर बकुळ. हळू वाढते, पण बारमाही दाट, आणि नातवंडं फुलं वेचतील. बहावा आणि ताम्हण शोभेला लावावेत, सावलीला नव्हे. ऐन उन्हाळ्यात बहावा पानांनी विरळ असतो. ताम्हण ओढ्याकाठचं झाड, त्याला मोरीच्या वाटेवरच जागा द्यावी. आणि ज्यांच्या घरी कुणी मोहाची फुलं अजून वेचतं, त्यांनी बांधावर एक मोह लावावाच. आता कायद्याची आडकाठी कमी झाली आहे.

दक्षिणेची बाजू उघडी ठेवावी. अजूनही पापड, वाल, मिरच्या वाळतातच, आणि थंडीत म्हाताऱ्या माणसांना कोवळं ऊन लागतं. तिथे झुडुपं पुरेत. त्यांत मी दोन नावं आग्रहाने सांगतो, कारण ती रोपवाटिकेत सहसा नसतात: कुडा आणि धायटी. कुड्याला एप्रिल-मेमध्ये पांढऱ्या फुलांचे घोस येतात, त्या फुलांची भाजी होते, साल आमांशावर चालते, आणि चीक असल्याने शेळी फिरकत नाही. धायटी उताराच्या नुसत्या मुरुमावर वाढते आणि शिमग्याच्या आसपास लाल फुलांनी भरते, तेव्हा पाखरं तिला सोडत नाहीत. दोन्ही माहुलीच्या पायथ्यापासून सिद्धगडाच्या वाटेपर्यंत सगळीकडे आहेत.

खड्डा मेमध्ये खणावा आणि महिनाभर तापू द्यावा. मुरूम बाजूला टाकून खाचरातली माती आणि कुजलेलं शेणखत भरावं. रोप मृगाच्या पहिल्या सरींत न लावता जमीन चांगली भिजल्यावर, आषाढात लावावं, आणि आळं उताराच्या वरच्या बाजूला उघडं ठेवू नये, नाही तर पावसाचा लोंढा रोप घेऊन जातो. दिवाळीनंतर बुंध्याभोवती पेंढ्याचा वीतभर थर द्यावा. शेजारी बुडाला बारीक भोक पाडलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरावं, भोकात सुताची वात घालावी. आठवड्यातून दोनदा मडकं भरलं की पुरतं, तेही मोरीच्या गाळलेल्या पाण्याने चालतं. दोन उन्हाळे एवढं करावं. तिसऱ्या उन्हाळ्यात करंजाचं आणि आंब्याचं पाणी तोडावं, म्हणजे मूळ खाली जातं. कुड्याच्या शेंगा जोडीने लोंबतात आणि थंडी संपता संपता तडकतात. तडकायच्या आत काढल्या तर बी मिळतं, नंतर ते म्हाताऱ्या होऊन उडून जातं. ते बी मेअखेर पिशव्यांत टाकावं. ज्यांना शेंगा ओळखू येत नसतील त्यांनी पाड्यावरच्या कुणाही ठाकर बाईला विचारावं, ती झाडापर्यंत घेऊन जाईल.